आठ टाके

तासगाव रस्त्यावरच्या शेडातून
साडेसहा किलोची टर्की आणली, पोत्यात, पाय बांधून.
रिक्षावाला मिरज येईपर्यंत आरशात बघत होता.
"मावशी, ह्यो मोर न्हाई न्हवं? उगा केस व्हायची."
मोर नाही रे बाबा, टर्की. नाताळची.
"असंल. पण मान गिधाडाची हाय."

पुण्याहून अनुग्रहाचा हट्ट: आई, यंदा टर्की.
पोरांनी पडद्यावर पाहिलेली,
अख्खी, तांबूस, ताटात मांडी घालून बसलेली.
तुला येते ना गं? आजी करायची ना?

आजी करायची.
हॉस्पिटलमागच्या बंगल्यात, एकतीस नाताळ.
लोणी, मिरी, पावाचा चुरा.
तिखट नाही, हे मडमेने पहिल्याच दिवशी सांगितलेलं,
शुद्ध मराठीत.
पंचवीसच्या रात्री सगळ्यांची जेवणं झाली
की आई मागल्या दाराने निघायची, पदराखाली पातेलं:
मान, पंखांची टोकं, हाडं.
पाट्यावर चटणी सरसरायची,
आणि आमचा नाताळ सव्वीसला, भाकरीबरोबर,
नाक पुसत पुसत.
टर्कीला मांस असतं
हे मला नववीत कळलं.

पोट शिवायला सून दाभण शोधत होती.
म्हटलं, शेरॉन, सरक.
चौतीस वर्षं थिएटरात सुया दिल्या मी डॉक्टरांच्या हातात.
टाका घालायचा नाही, तो आपला मान नव्हे.
आपण मोजायचं.
बोळे किती, चिमटे किती, आत काही राहिलं का,
आणि मग मोठ्याने: काउंट बरोबर आहे, डॉक्टर.
दोरा उकळून घेतला, सवयीने.
आत भात, तासगावचे बेदाणे, कांदा, काजूचे तुकडे,
आणि शेरॉन फोनवर बोलत होती तेवढ्यात
दोन चमचे कांदा-लसूण चटणी.
मग टाके. एक, दोन...
हात थरथरला नाही. आठ.

घरच्या ओव्हनचं दार लागेना.
तंगड्या बाहेर, जशी बसमध्ये झोपलेली बाई.
दस्तगीर म्हणाला, आणा की भट्टीवर,
खारी निघाली की चार तास नुसती धग असते, वाया जाते.
लांब फळीवर परात ठेवून त्याने ती आत ढकलली,
पाव ढकलतो तशीच.
भाडं विचारलं तर म्हणाला,
"कशी होते ते बघू द्या, बस."
अख्खी गल्ली बघायला उभी.
बाहेर आली तेव्हा
खरंच, पडद्यावरच्यासारखी.

अनुग्रहाने सुरी चालवली. प्रार्थना झाली.
पहिला घास.
कुणी काही बोलेना.
मग धाकटा: आजी, थोडी ड्राय आहे का?
ड्राय कसली. कापसाचा बोळा होता, थिएटरातला.
शेरॉन म्हणाली, छान झालीय, आई,
आणि पाणी प्याली.
भात मात्र संपला. आधी तो संपला.
पोरं चमचा घालून घालून पोट खरवडत होती,
हाऽ हाऽ करत.

रात्री ओट्याशी मी दोरे गोळा केले.
सात.
पुन्हा मोजले. पातेलं उलटं केलं, परात झाडली,
केराच्या डब्यातही हात घातला.
सात.
झोप लागली नाही फार.

सव्वीसला सकाळी हाडं चढवली.
पाटा नाही आता, मिक्सर.
चटणी मात्र तीच, आणि तेवढीच.
दुपारी सगळे जमिनीवर बसले, टेबल सोडून,
कुणी सांगितलं नव्हतं.
अनुग्रहाने वाटीत बोट घातलं, काहीतरी ओढून काढलं,
लांब, लाल, तेलकट.
"आई, हे काय?"

दे इकडे, म्हटलं.
त्याने ते ताटाच्या कडेला ठेवून दिलं,
कपाळावरचा घाम पुसला, वाटी पुढे केली.
"आणखी आहे का रस्सा?"

काउंट बरोबर आहे, मी म्हणाले.
बहुतेक मोठ्याने.