टाकी नंबर सात

चार नंबरची टाकी पलूसच्या मळीची,
सात नंबरची खानापूरच्या घाटमाथ्यावरची.
कलमं एकच, शिराझची,
एकाच टेम्पोतून उतरवलेली.

मळीत पाय पोटरीपर्यंत रुततो.
तिथं वेल माजतो, नुसता पाल्यावर जातो.
मणी टपोरे, पाणीदार,
पाहुण्यांपुढं ठेवावेत असे;
बोलायला गेलं तर हवापाण्यापलीकडं सरकत नाहीत.

वर माळावर खड्डे पहारीनं घेतले होते.
वीतभर मुरूम, खाली चुनखडी, मग काळा फत्तर.
मुळं कुठून गेली, कुणी बघितलं?
दुपारी दगड तापतो,
पौषात पहाटे स्वेटरावर शाल लागते.
त्या गारठ्यात मणी आपला आंबटपणा
खर्च करत नाही. बारीक राहतो. साल जाड करतो.

बाग भूपाल चौगुल्यांची.
चौमास पाळणारा माणूस, थेंबाला शिवलेला नाही.
तोडणीआधी मी साखर मोजत होते, चोवीस भरली;
ते बी चावून म्हणाले,
"हिरवी हाय अजून. चार दिस थांबा."
थांबलो.

काल आले, चपला दाराबाहेर काढून.
सातचा पेला मी उजेडात धरला.
"कशी लागती?" लांबूनच विचारलं.
आधी तुरट, म्हटलं. मग मिरी.
मग एक काहीतरी,
त्याला शब्द येईना मला.

त्यांनी बंडीच्या खिशातून बागेतला खडा काढला,
नळाखाली धरला,
माझ्या नाकापाशी आणला.
"ह्यो?"

खडा अजून सातच्या झाकणावर आहे.
वहीतला रकाना कोरा.