गुरुवारी, दोन ते चार

ग्रीनॉकच्या वाचनालयात, मुलांच्या पुस्तकांमागे
बिनखिडकीची एक खोली आहे.
गुरुवारी दोन ते चार मी तिथे बसतो.
दारावर कागद: कर्जाबद्दल बोलायचंय? आत या. फुकट.
लोक त्या शेवटच्या शब्दापाशी अडतात.
फुकट म्हटलं की पुढे हप्ते असतात,
हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक.

सेंगा रॅफर्टी आली तेव्हा तीन वाजून गेले होते.
कोट काढला नाही. बसली नाही.
किराण्याची पिशवी टेबलावर उपडी केली:
पाकिटं. एकही फोडलेलं नाही.
पांढरी, तपकिरी, आणि लाल शिक्क्याची ती,
जी मला न उघडताही वाचता येतात.

"किती असतील?" मी विचारलं.
"वजनावर?" ती म्हणाली.

तिच्या पर्समधल्या नखं घासायच्या कानशीनं
आम्ही एकेक फोडत गेलो.
वॉशिंग मशीन, जे बंद पडून दोन वर्षं झाली
आणि जे अजून फिटायचंय.
घरपट्टी. विजेची थकबाकी.
मग नाताळातली सायकल,
दारावर येऊन रोख पैसे मोजणाऱ्या
एका फार गोड माणसाकडून.
ऋण काढून सण करू नये म्हणतात.
खरं आहे.
पण फिनली सहा वर्षांचा होता,
आणि शेजारच्या दोघांना सायकली आल्या होत्या.

"दार कसं वाजवतात, ऐका," ती म्हणाली,
आणि टेबलावर मुठीच्या कडेनं
तीन ठोके. थांबून, आणखी एक.
"शेजारीण नखानं वाजवते. हा असा.
मी टीव्ही मुका करते
आणि पत्रांच्या फटीखाली जमिनीवर बसते.
वरून त्याचा श्वास ऐकू येतो.
पुदिन्याच्या गोळ्या खातो."

मी म्हटलं, लिहून घ्या.
दार उघडायला तुम्ही बांधील नाही.
फोनवर काहीही कबूल करू नका.
म्हणा, जे असेल ते लेखी पाठवा.
नाव विचारा. वेळ टिपून ठेवा.

"इतकं पाठ कसं हो तुम्हाला?"

सवयीनं, मी म्हणालो.
अकरा वर्षं, हे नाही म्हणालो.
पेस्लीत, चौथ्या मजल्यावर, कानाला हेडफोन,
आणि पडद्याच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी:
मिस्टर लेनॉक्स.
शिव्या त्याला बसायच्या, मी जेवायला घरी यायचो.
शिकवलेलं अजून आठवतं.
रक्कम सांगून थांबा, शांततेला तिचं काम करू द्या.
बाई रडू लागली तर आवाज खाली आणा, आकडा नाही.
मागे मूल बोलत असेल तर त्याचं नाव विचारा.
मी विचारायचो.
काही नावं अजून माहीत आहेत मला.

मग जमाखर्चाचा तक्ता.
भाडं, ब्रेड, मीटरमधली नाणी.
"केस सेट करणं, नऊ पौंड, दोन आठवड्यांनी एकदा,"
ती म्हणाली, आणि लगेच, "ते खोडा."
मी नाही खोडलं.
उरले सहा पौंड. देणेकरी ती एकटी, मागणारे सहा.
प्रत्येकाला महिन्याला एक.

"एक पौंड घेऊन काय करतील ते?"
"पावती देतील."

ती पहिल्यांदा हसली, कोटाचं वरचं बटण काढलं,
आणि टेबलावर तिचा फोन थरथरायला लागला.
अनोळखी नंबर.
पाकिटांच्या ढिगात तो गोल गोल सरकत होता.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी कागदाकडे बोट दाखवलं.

"लेखी पाठवा," सेंगा म्हणाली,
वाचून, शाळेतल्या मुलीसारखी.
"हो. लेखी.
आणि आपलं नाव?"

पलीकडे काहीच नाही.
ती शांतता मी ओळखतो.
तो चिठ्ठीकडे बघतोय.