वाजवी

लोखंड आधी वाजवून घ्यावं,
मग वाजवी काय ते बोलावं, असं उस्ताद सांगायचे.
छोटी हातोडी, शिसपेन्सिल, फडक्यात गुंडाळलेलं चुंबक.
विमा कंपनीतून निवृत्त होताना एवढंच घरी आणलं.
आणि शाल-श्रीफळ.

खडकीत, होळकर पुलाच्या अलीकडे,
पेणकरबाईंच्या शेडमध्ये
मी जीपखाली उताणा.
शेजारी बुटांची एक जोडी सारखी जागा बदलते.
हिंजवडीचा मुलगा, आडनाव लोखंडे,
पत्र्यातलं काडीचं कळत नाही,
म्हणून मला पंधराशे रुपये.

टण.
टण.
थप्प.
इथे चॅसी गेली, डाव्या स्प्रिंगच्या मागे,
बोट लावलं की पापुद्रे सुटतात शिळ्या खारीसारखे.
लिहा: वेल्डिंग, अठरा हजार.
बॉनेटला चुंबक चिकटतं, मडगार्डवरून घसरून पडतं,
म्हणजे आत अर्धा इंच लांबी, वर मिलिटरीचा हिरवा.
गंज निदान समोर येऊन उभा राहतो.
रंगाला खोदून खोदून विचारावं लागतं.

हँडल लावलं. आधी नाहीच म्हणाली,
मग अर्धा फेरा, एक उसासा, आणखी अर्धा.
इंजिन जाम नाही!
बुटांना हे लगेच सांगितलं नाही.
नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली
तर एकेक आकडा वर आला,
कुणी खरवडलेला नाही, कुणी नव्याने ठोकलेला नाही.
गिअरबॉक्स मूळचा. मागचा अॅक्सल दुसऱ्याच घरचा.
सीटच्या स्प्रिंगांत मुंगसाचं बाळंतपण होऊन गेलेलं.
त्याचे मी पैसे कापले नाहीत.

बाईंनी चहा आणला, आणि एक डायरी.
"यांनी चौऱ्याहत्तर साली लिलावात घेतली, बेचाळीसशेला.
पुढचं सगळं यात आहे. कॉइल, फॅनबेल्ट,
लोणावळ्यात बदललेला टायर,
दिवाळीत गॅरेजच्या पोराला दिलेले पाच.
बेरीज एकसष्ट हजार तीनशे चाळीस.
तेवढेच द्या. मला नफा नको."

लोखंडेचा मोबाइल कधीच बाहेर आला होता,
अंगठा अधीर.
माझे पंधराशेही त्यातूनच यायचे.
बाईंनी तर मला काही विचारलंच नव्हतं.
तरी तोंडातून निघून गेलं,
"बाई, तीन लाख वीस. आहे तशी, गंजासकट."

तो माझ्याकडे बघत राहिला, मी चहाकडे.
बशीत सांडलेला उगाच पुन्हा कपात ओतला.

बाई रागावल्या.
"म्हणजे यांचा हिशेब चुकला म्हणता?"
"चुकला नाही. काहीतरी धरायचं राहिलं असेल."

चष्मा लावून त्यांनी पानं उलटली,
मागून पुढे, पुढून मागे,
एका पानावर ग्रीसचा अंगठा होता, तिथे जरा थांबल्या.
मग एकदम हसल्या.
"धक्का!
थंडीत एका दमात कधी सुरू झाली नाही मेली.
हे आत बसायचे, पाय क्लचवर.
मागे कोण? पदर खोचून? तेहतीस वर्षं?"
माझीच पेन्सिल घेतली,
शेवटच्या ओळीखाली लिहिलं:
धक्का, दोन लाख अठ्ठावन्न हजार सहाशे साठ.
रेघ पट्टीने ओढली.

लोखंडे आठवडाभर गप्प.
माझा फोनही उचलला नाही, पंधराशे तर लांबच.
रविवारी टेम्पो घेऊन आला.
पैसे मोजून झाले, सगळे, वरच्या साठासकट.

शेडपासून फाटकापर्यंत थोडा उतार आहे.
आम्ही दोघं मागे लागलो.
बाई सवयीने मागेच आल्या, पदर खोचलेला.
थबकल्या.
वळसा घालून पुढे गेल्या,
डाव्या बाजूच्या स्टिअरिंगवर बसल्या
आणि मान न वळवता म्हणाल्या,
"मारा."

गाडी सुटली, बऱ्यापैकी वेगात.
ब्रेक नाहीत,
हे मी कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.