पाच हर्ट्झ

रात्री अडीचला पोलिसांनी पूल दिला आम्हाला,
चाळीस मिनिटांसाठी.
मे महिना; कठड्याचं लोखंड अजून तापलेलंच,
खाली इतवारीकडे जाणारी मालगाडी
सिग्नलची वाट बघत उभी.

पराते सेन्सर चिकटवत होते,
लॅबमध्ये चिकटवतात तसेच: आधी फुंकर,
मग मेण, मग अंगठा,
मग मनातल्या मनात दहा आकडे.
सव्वीस वर्षं वजनं पाडली त्यांनी आमच्यासाठी,
शंभर किलो, दोन मीटरवरून, तुळईच्या बरोबर मध्यावर.
आम्ही काचेमागे, कानात बोळे घालून.
ते टेकूला तळवा लावून.
"फुटली नाही मॅडम, पण थकली."
आलेख तेच सांगायचा, जेवणाच्या सुट्टीनंतर.

गोळीबार चौकाच्या मागे, हातमागांच्या गल्लीत वाढलेला माणूस.
म्हणतात, भिंतीला पाठ लावून झोपलं
की कोणाचा धोटा अडखळला ते कळायचं,
आणि त्या घरी उद्या चूल उशिरा पेटणार, तेही.

पहिला ट्रक सोडला. उमरेडचा कोळसा.
सांध्यावरून चाकं गेली, धाड् धाड्,
ट्रक पार पलीकडे उतरला.
"तो गेला न मॅडम, तरी हा बोलूनच राहिला."
स्क्रीनवर साडेतीन हर्ट्झ.
नऊ वर्षांपूर्वीच्या कागदावर तीन पूर्णांक नऊ.
एवढंच असतं पुलाचं म्हातारपण:
स्वर जरासा उतरतो,
तडा दिवसाउजेडीही सापडत नाही.

पण त्या शिखराच्या उजवीकडे
अजून एक होतं. बारीक, टोकदार, पाचवर.
ट्रक नसतानाही होतं. वारा तर नव्हताच.
मी मालगाडीवर संशय घेतला, जनरेटरवर घेतला,
केबल बदलायला लावली.
फक्त चौथ्या सेन्सरवर.
मेण संपलं म्हणून चौथा
परात्यांनी हातानेच कठड्याला दाबून धरला होता.

"द्या, मी धरते."
शिखर गेलं.
"आता?"
"आता ठीक आहे."
त्यांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला,
कोणी परक्याने सांभाळायला दिल्यासारखा.

गोंगाट गाळायला एक ओळ पुरते.
पुलाच्या अहवालात ती लिहिली,
खाली शिफारस: जड वाहनं बंद करावीत,
दर तीन महिन्यांनी तपासणी.
मूळ फाइल मात्र पुसली नाही.
तिला नाव द्यायचं राहिलंय अजून.

सोमवारी लॅबमध्ये कूलर खडखडत होता.
मी परात्यांना विचारायचं ठरवून गेले होते,
विचारलं ते एवढंच, चहा घेता का.
घेतो म्हणाले.
नेहमीसारखा बशीत ओतला नाही.
दोन्ही हातांनी कप धरला,
आणि तुळईकडे बघत
निवेपर्यंत तसाच धरून बसले.