डोन्कोर मास्तरांचा एस

कुमासीत, लाकूडबाजाराच्या मागे,
ट्रकच्या पाठीवर देवाचं नाव जिथे रंगवून मिळे,
तिथे मी शिकले.
आईनं शिकवणी म्हणून जिनची एक बाटली दिली होती.
शिकले म्हणजे वर्षभर डबे खरवडले,
केरोसीनमध्ये ब्रश धुऊन नखं निळी करून घेतली,
मग रंगाला हात लावू दिला तो
न्हाव्याच्या पाटीवरच्या गिऱ्हाइकाच्या कानापुरता.
डावा कान. उजवा मास्तर स्वतः काढत.

डिसेंबरात वाळवंटाकडून धूळ यायची,
ओल्या एनॅमलवर बसली की उठायची नाही.
मी रडकुंडीला.
मास्तर म्हणाले, राहू दे, तिचे पैसे नाही लावणार.

एकदा एका पाटीवर
त्यांच्या हातून दोन अक्षरांची अदलाबदल झाली.
मी, शाळेत पहिला नंबर, भर गिऱ्हाइकांत बोलले.
मास्तरांनी ब्रश पुसला.
दुपारभर पुसत राहिले.
तेव्हा कळलं, त्यांना वाचता येत नव्हतं.
चिठ्ठीवरचं अक्षर ते काढत
मी कान काढते तसं:
वळण बघून, वजन बघून, मागच्याला पुढचं टेकतंय का बघून.

दुसऱ्या दिवशी पाटी दुरुस्त होती.
‘सेर्वा, तुला वाचता येतं ना,
म्हणून तुला दिसत नाही.’
मला राग आला. तो सहा-सात वर्षं टिकला.

कॉलेजात क्वान्सा बाई.
तीन महिने एकच सुका भोपळा,
काढायचा, पुसायचा, कागद फाटेपर्यंत.
‘हा समोरचा नाही, हा तुला आधीपासून पाठ असलेला भोपळा.’
हे मी ऐकलं होतं,
एका जिनच्या बाटलीच्या मोबदल्यात.
बाईंना बोलले नाही. फी भरून झाली होती.

आता लांबच्या शहरांत माझी चित्रं लागतात.
कुणाकडे शिकलात, विचारतात.
मी क्वान्सा बाईंचं नाव घेते.
डोन्कोर मास्तरांचं घ्यायचं
तर आधी ती दुपार सांगावी लागेल.

रात्री कधी जुन्या प्लायवूडवर
त्यांचा एस काढून बघते.
डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईसारखा
तो कमरेपाशी जरासा थांबायचा,
तोल सावरून मग खाली उतरायचा.
माझा थांबत नाही.
लगेच वाचता येतो.