चौथं दार

नोव्हेंबर. बाल्टिकवर वारा सेकंदाला बावीस मीटर.
साडेसहाची फेरी आदल्या रात्रीच रद्द झालेली,
तरी हेल्दुर पहाटे बेटाच्या धक्क्यावर उभा,
खिशात बायकोचा जुना चष्मा.
ती पलीकडे, हापसालूच्या इस्पितळात,
नवा फुटला तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून.

त्यानं फोन लावला. शिवी दिली नाही.
एवढंच म्हणाला, "तुमचं पान म्हणतंय बोट वेळेवर आहे.
मला इथं बोट दिसत नाही."

तार्तूत वाइके जागीच होती, रात्रपाळी तिची.
पान उघडलं: रद्द.
पुन्हा: रद्द.
पुन्हा: रद्द.
पुन्हा: साडेसहा, वेळेवर.

चार लोड बॅलन्सर. चौघांना काम एकच:
उत्तर लक्षात ठेवायचं साठ सेकंद
आणि मग विसरायचं.
लक्षात ठेवणं यंत्राला सोपं.
विसरायला मात्र सांगावं लागतं,
तेही नेमक्या आकड्यात.

चौथ्याच्या फाइलीत साठच्या जागी
शहाऐंशी हजार चारशे.
अख्खा एक दिवस. शिळ्या कढीला ऊत,
आणि दर चौथ्या माणसाच्या पानात तीच वाढलेली.
शेजारी मार्गुसची टीप, तीन वर्षांपूर्वीची,
जूनमधल्या सुट्टीच्या गर्दीत सर्व्हर कोसळत असताना
हातानं घाईत लिहिलेली:
तात्पुरतं. गुरुवारी काढतो.

मार्गुस आता वोरूकडे मेंढ्या पाळतो.

अॅन्सिबल रोज रात्री फेरी मारायचं,
वाकडं दिसेल ते सरळ करायचं, न कंटाळता.
पण त्याच्या यादीत नावं तीनच.
चौथ्याचं कुणी घातलंच नाही.
ज्याचं नाव यादीत नाही, त्याला कोण सुधारणार?

वाइकेनं एक ओळ वाढवली.
आधी नुसतीच रंगीत तालीम:
काय जाईल, काय येईल, दाखव.
लाल रंगात दोन ओळी जाणार होत्या,
आकडा, आणि मार्गुसचा गुरुवार.
ती कॉफी संपेपर्यंत थांबली.
कॉफी गार होती. तरी थांबली.

मग चालवलं. बदल: एक.
पुन्हा चालवलं. बदल: शून्य.
काहीच घडलं नाही,
या धंद्यातली शाबासकी ही एवढीच.

मार्गुसला निरोप टाकला: तुझा गुरुवार आज उजाडला.
मेंढ्यांची वेळ होती, तो जागाच असणार.
उत्तर आलं: कुठला गुरुवार?

मग हेल्दुरला फोन.
"आता पान खरं सांगतंय."
"खरं मला धक्क्यावरूनही दिसतंय, पोरी."
तो हसला की वारा होता, कळलं नाही.
"उद्या बोट आहे?"
वाऱ्याची फाइल तिच्याकडे नव्हती.
"मिनिटामिनिटाला बघत राहा," ती म्हणाली,
"मिनिटापेक्षा जुनं आता काही मिळणार नाही."

तो गाडीत बसला, हीटर लावून.
बायकोचा चष्मा पुसला, सहज डोळ्यांवर चढवला.
समुद्र पुसट झाला, आणि थोडा जवळ आला.
फोनवर बोट ठेवून त्यानं पान खाली ओढलं.
रद्द.
थांबला. पुन्हा ओढलं.