रकाना

अर्जातला सातवा रकाना : वडिलांचा व्यवसाय.
जागा एवढीच, की 'नोकरी' ऐसपैस बसेल,
'वकिली'ला टेकायला उशीही मिळेल.

माझे पपा लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत.
देव झोपले, मुहूर्त संपले, की
कंपूतल्या एटीएमच्या दारात खुर्ची टाकून बसत,
आणि थंडी पडली की नया बाजारातल्या भट्टीवर
रात्रभर गजक कुटत,
समोरासमोर दोघं, दोन मोगऱ्या,
याची वर तेव्हा त्याची खाली,
मध्ये तीळ आणि गूळ
आणि चुकायची अजिबात मुभा नाही.
हे सगळं मी लिहायला घेतलं.
रकाना संपला, पेन समासात शिरलं,
समासातून वळून वरच्या रेघेवर चढलं.

त्याआधी तहसीलीत उत्पन्नाचा दाखला.
बाबूनं कागद उलटसुलट करून पाहिला :
"नाम दौलत, और आमदनी ये?"
पपाही हसले. मी नाही हसले.

जनकगंजात जिना चढून ट्रस्टची खोली.
भिंतीवर कै. अंबूताई पोतनीस, हार कागदाचा.
माहुरकर सरांनी अर्ज वाचला,
व्यवसायाच्या त्या वेलीवरून बोट फिरवलं, पुसलं काही नाही.
मग तांबडी पेन्सिल उचलली आणि
माझ्या 'शिष्यवृत्ति'ची वेलांटी खोडून दुसरी काढली.
"हिंदीत शिकलीस ना? मराठीत
शेवटचा इकार दीर्घ. जरा लांबव. घाई कसली?"
सहामाहीचे साडेचार हजार
त्या एका वेलांटीखाली सही करून मिळाले.

झाशी रोडवरचं पॉलिटेक्निक.
बारा संगणक, चालणारे सात,
त्यातल्या एकाची 'न'ची कळ रुतलेली.
मुली पाळीपाळीनं बसत, मी त्या रुतलेल्यावर,
कारण तिथे रांग नसे.
एकदा दोन तास चूक सापडेना,
आणि निघाली ती ओळीच्या शेवटी :
एक अर्धविराम राहिला होता.
मला एकदम तांबडी पेन्सिल दिसली.
त्या दिवसापासून मी यंत्राला घाबरले नाही.
यंत्र म्हणजे माहुरकर सर,
फक्त चहा विचारत नाही.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही.
दोन मुलाखतींत नापास, तिसरीत नाव पुकारलं ते चुकीचं,
तरी उठून गेले. पुणं. पाच जणींत एक खोली.
"मी येऊन राहिले आहे" म्हटलं की
ऑफिसातले विचारत, "कुठे राहिलीस?"
मी ग्वाल्हेरची, एवढं सांगितलं की
त्यांना किल्ला आठवे, मला मोगरी.

गेल्या महिन्यात माझ्या नावावर एक तक्रार आली.
आम्ही कॉलेजांसाठी प्रवेशअर्ज बनवतो.
भिंडच्या कुणा मुलीनं लिहिलं होतं :
वडिलांचं काम लिहिते, पान पुढे सरकत नाही.
उघडून पाहिलं.
अक्षरमर्यादा : वीस.
आणि संगणक काना वेगळा मोजतो, मात्रा वेगळी,
वेलांटीलाही पूर्ण भाडं लावतो.

एक आकडा बदलायचा होता.
वीसच्या जागी दोनशे पंचावन्न.
चार मिनिटांचं काम.
मी जेवायला गेले नाही त्या दुपारी.

संक्रांतीला घरी आले तेव्हा पपांना सांगितलं.
ते भट्टीवर निघाले होते, मफलर गुंडाळत होते,
क्लॅरिनेट खुंटीवर, पिशवीत.
"म्हणजे आता तीनही कामं मावतात?"
"मावतात. वर जागा उरते."
थोडा वेळ गेला.
"उरलेल्या जागेत काय लिहायचं?"

मला उत्तर आलं नाही.
जिन्यात चपलांचा आवाज खाली खाली गेला.
रात्री उशिरा, पेंगत असताना, नया बाजाराकडून
ऐकू आलं, किंवा वाटलं,
याची वर, त्याची खाली,
शेवटचा ठोका जरा लांबवलेला.